आकड्याची ओळख : भौतिक विज्ञानांच्या संशोधनात अधिविदेचे स्थान

(१) एका आकड्यापासून आरंभ

कुंडलिका नदीने जालना शहराचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग केले आहेत. समजा, जुन्या जालन्यातील एखाद्या दप्तरात पावसाच्या नोंदीचा एक सुटा कागद सापडला आणि त्यावर 'जालना' हे नाव, एक तारीख व '२७' हा आकडा एवढेच लिहिलेले आढळले. आकडा स्वच्छ आहे, खाडाखोड नाही, लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. तरीही या आकड्यावरून त्या दिवशी किती पाऊस पडला हे सांगता येईल काय?

विचारांती उत्तर नकारार्थी येते. सत्तावीस हे मिलिमीटर असतील, तर तो चांगला पाऊस होय. परंतु दशमान पद्धतीपूर्वी पाऊस इंच आणि सेंट यांत मोजला जात असे व सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. सत्तावीस सेंट म्हणजे अवघे ६.९ मिलिमीटर. एकाच अंकाचे दोन अर्थ परस्परांपासून जवळजवळ चौपटीने दूर आहेत. यापैकी कोणता अर्थ खरा, हे तो अंक स्वतः सांगू शकत नाही. ते सांगणारी माहिती त्याच्या बाहेर असते.

अंकाच्या बाहेर असणारी, परंतु जिच्यावाचून अंकास अर्थ प्राप्त होत नाही अशी ही माहिती, म्हणजेच आजच्या प्रयोगशाळांतून 'मेटाडेटा' या नावाने ओळखली जाणारी वस्तू होय. भौतिक विज्ञानांच्या संशोधनात तिचे कार्य कोणते आणि तिच्या अभावी काय हानी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

(२) संज्ञेविषयी थोडेसे

संगणकाच्या संदर्भात हा शब्द फिलिप बॅग्ली याने १९६८ मध्ये योजिला. त्यातील 'मेटा' हा ग्रीक उपसर्ग भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. ज्या भाषेविषयी बोलावयाचे ती विषयभाषा आणि जिच्या द्वारा बोलावयाचे ती अधिभाषा, हा भेद भाषाशास्त्रात रूढ आहे. त्याच न्यायाने 'डेटा' यास विदा म्हटल्यास 'मेटाडेटा' यास अधिविदा म्हणणे सयुक्तिक ठरते. विदेविषयी माहिती देणारी विदा ती अधिविदा.

संज्ञा नवी असली, तरी व्यवहार नवा नाही. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिकाचे नाव, स्थळ, शक व तिथी देणारी पुष्पिका असते. ती त्या पोथीची अधिविदाच होय. पाणिनीच्या व्याकरणातील अधिकारसूत्रांचे उदाहरण तर याहून उद्बोधक आहे. अधिकारसूत्र स्वतः फारसे काही विधान करीत नाही; परंतु त्याच्या कक्षेत येणाऱ्या पुढील सर्व सूत्रांचा अर्थ त्याच्या आधारे लावावा लागतो. ते गाळून केवळ पुढील सूत्रे वाचल्यास शब्द सारे तेच राहतात, अर्थ मात्र ढळतो. निरीक्षणांच्या कोष्टकाच्या शिरोभागी असलेल्या चार ओळींचे नाते खालच्या सहस्रावधी अंकांशी नेमके असेच असते.

(३) काळ, स्थळ, साधन आणि रीत

पुन्हा त्या कागदाकडे वळू. त्यास विचारावयाचे प्रश्न चार प्रकारचे आहेत.

पहिला प्रश्न काळाचा. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानच्या कारभारात फसली सन चाले. तेथील फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्यापासून सुरू होई. यास्तव कागदावर १३३१ फसली असल्यास ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी ५९० मिळवून १९२१ हे इसवी वर्ष येते. परंतु त्यापुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. पावसाळा जून ते सप्टेंबर असल्याने १३३१ फसलीचा पावसाळा हा १९२२ चा होय. जो अभ्यासक सरसकट ५९० मिळवील, तो प्रत्येक पावसाळा एक वर्ष मागे नेईल आणि मग जालन्याचा पाऊस शेजारच्या ब्रिटिश मुलखातील पावसाशी का जुळत नाही, याचे कारण वाऱ्यांत आणि ढगांत शोधीत बसेल. मद्रास इलाख्यातील फसली वर्ष मात्र १ जुलैपासून सुरू होई. म्हणजे 'फसली' हा शब्द लिहिलेला असणेही पुरेसे नाही, तो कोठला फसली हेही कळावयास हवे.

वर्षाप्रमाणेच दिवसाचे. भारतीय हवामानखात्याच्या रीतीनुसार पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजला जातो आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेस मांडला जातो. १४ जूनच्या सायंकाळी पडलेली सर १५ जूनच्या रकान्यात जाते. घड्याळाविषयीही हाच विचार संभवतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. तत्पूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेने चाले आणि जालन्याची सूर्यावर आधारलेली स्थानिक वेळ या दोहोंहून निराळी होती. जालन्याचे रेखावृत्त सुमारे ७५ अंश ५३ मिनिटे पूर्व असल्याने तेथील सरासरी मध्यान्ह प्रमाणवेळेच्या बारा वाजल्यानंतर सुमारे सव्वीस मिनिटांनी येते. जेथे मिनिटामिनिटाचे निरीक्षण महत्त्वाचे असते, तेथे 'दुपारी बारा' या शब्दांना घड्याळाचे नाव जोडल्याशिवाय अर्थ नाही.

दुसरा प्रश्न स्थळाचा. 'जालना' म्हणजे नदीच्या कोणत्या तीरावरील जालना? पर्जन्यमापक पुढे कधी दुसऱ्या जागी हलविला होता काय? शिवाय नाव तेच राहिले, तरी त्याचा पत्ता पालटत गेला आहे. जालना तालुका हैदराबाद राज्यातून १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९८१ पर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्यात होता, त्यानंतर तो स्वतंत्र जालना जिल्ह्यात गेला. आणि २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचेही नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले. एकाच स्थानकाची शंभर वर्षांची नोंद जुळवू पाहणारा अभ्यासक केवळ जिल्ह्याच्या नावाने शोध घेईल, तर ती त्यास तुकड्यातुकड्यांनीच सापडेल. जुन्या इंग्रजी कागदांतील 'जौलना' हा उच्चार तर त्याच्या नजरेतून निसटण्याचाच अधिक संभव.

तिसरा प्रश्न साधनाचा. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचे क्षेत्रफळ शंभर वा दोनशे चौरस सेंटिमीटर असू शकते आणि प्रत्येकासोबतचे मोजपात्र निराळ्या खुणांचे असते. एकाचे मोजपात्र दुसऱ्यास लावल्यास पाऊस दुप्पट तरी होतो किंवा निम्मा तरी.

चौथा प्रश्न रीतीचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षिला जातो. रकान्यात आडवी रेघ असल्यास तिचा अर्थ पाऊस पडला नाही असा, की त्या दिवशी कोणी मोजलाच नाही असा? शून्य आणि अनुपस्थिती या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. नोंदणाऱ्याच्या रजेचे दिवस शून्य समजले गेले, तर कागदावर कोरडे वर्ष उभे राहते. आणि खरोखरीचे कोरडे दिवस नोंद नाही म्हणून वगळले, तर दुष्काळ झाकला जातो.

(४) हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हे

मराठवाड्यात या भेदांची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत जालना तालुका होता. असे निर्णय आणि पीकविम्याचे दावे हे पावसाची सरासरीशी तुलना व पावसातील खंडाची लांबी यांच्याशी निगडित असतात. आता पुढील उदाहरण पाहावे. रात्री बारापूर्वी २ मिलिमीटर आणि बारानंतर २ मिलिमीटर पाऊस पडला. सकाळी साडेआठला मोजणाऱ्याच्या वहीत हे ४ मिलिमीटर एकाच तारखेस पडतील. आणि हवामानखात्याच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस तो पावसाळी दिवस असल्याने तेथे पावसाळी दिवस मोजला जाईल. मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरून स्वयंचलित यंत्राच्या नोंदी जुळविल्यास मात्र २ मिलिमीटरचे दोन दिवस मिळतील आणि त्यांपैकी एकही पावसाळी ठरणार नाही. आकाशातून पाणी तेवढेच आले. परंतु एका वहीत खंड मोडला, दुसरीत तो अखंड राहिला. दिवस कोठून कोठपर्यंत धरला, हे न सांगता दोन्ही वह्या एका कोष्टकात घातल्यास वाद अटळ आहे आणि तो सोडविण्याचे साधनही हाती उरत नाही.

'सरासरी' या शब्दाचेही तसेच. २०२२ मध्ये हवामानखात्याने मोसमी पावसाच्या सरासरीचा आधार १९६१ ते २०१० या कालखंडाऐवजी १९७१ ते २०२० असा केला. त्यामुळे देशाची सरासरी ८८०.६ मिलिमीटरवरून ८६८.६ मिलिमीटरवर आली. फरक लहान आहे. परंतु 'सरासरीच्या इतके टक्के' असे म्हणताना कोणती सरासरी हे सांगावेच लागते.

(५) कुलाब्याची साक्ष

अधिविदेचे मोल दाखविणारे एक ठळक उदाहरण मुंबईतील कुलाबा वेधशाळेचे आहे. ही वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे भूचुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. तेथील आरंभीच्या काळातील कामात प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे हे होते, ही गोष्ट मराठी वाचकास अभिमानास्पद वाटावी अशी आहे.

२ सप्टेंबर १८५९ रोजी पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ आले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर एकाएकी उजळलेला प्रकाश पाहिला होता. त्या वादळाची तीव्रता निर्धारित करण्यास जी निरीक्षणे आज उपयोगी पडतात, त्यांत कुलाब्याच्या निरीक्षणांचे स्थान अग्रभागी आहे. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्षसिंग लाखिना, सोबना अ‍ॅलेक्स आदी संशोधकांनी त्यांच्या आधारे असे दाखविले की, चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटला होता.

एकशे चव्वेचाळीस वर्षांनंतर हे शक्य कसे झाले? केवळ अंक जपले गेले असते, तर झाले नसते. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश वेधशाळा चुंबकीय बल ग्रेन, फूट व सेकंद यांवर आधारलेल्या एककात मांडीत. असे एक एकक सुमारे ४,६११ नॅनोटेस्लांइतके भरते. अशा जुन्या नोंदीचे आजच्या एककांत रूपांतर करावयाचे, तर तिचे एकक, उपकरणाचा गुणांक, तापमानाचा परिणाम आणि निरीक्षणाची वेळ या गोष्टी ज्ञात असाव्या लागतात.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. कुलाब्याचे ते निरीक्षण ठरावीक क्षणी डोळ्यांनी घेतलेले होते. आधुनिक निर्देशांक मात्र तासाच्या सरासरीवर आधारलेले असतात. तासाची सरासरी घेतल्यास तेच वादळ सुमारे ८५० ते ९५० नॅनोटेस्लांचे ठरते. म्हणजे १६०० आणि ८५० या दोन अंकांत विरोध नाही. ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. प्रत्येक अंकासोबत त्याचा प्रश्न जोडलेला असेल, तरच हे उमगते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय निरीक्षणे दूषित होणार हे ओळखून संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर निरीक्षणे घेण्यात आली आणि त्यानंतरच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. स्थानांतर झाले, त्याचे कारण नोंदले गेले आणि दोन स्थळांतील फरकही मोजला गेला. यास्तव १८४१ पासून चालत आलेली ही मालिका तुटली नाही. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या कालखंडातील निरीक्षणे दोन खंडांत प्रसिद्ध केली. वेधशाळा हलविताना घ्यावयाच्या दक्षतेचा हा नमुनाच म्हणावयास हवा.

(६) अभावाचे दोन दाखले

याउलट अनुभवही आहेत. समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या जागतिक मालिकेत १९४५ च्या अखेरीस सुमारे ०.३ अंशांची एकाएकी घट दिसे. ती निसर्गाची म्हणून कित्येक वर्षे समजली गेली. २००८ मध्ये तिचा उलगडा झाला. महायुद्धाच्या अखेरच्या काळातील बहुसंख्य नोंदी अमेरिकन जहाजांच्या होत्या व तेथे इंजिनाकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान घेत. युद्धानंतर ब्रिटिश जहाजांचे प्रमाण वाढले व तेथे बादलीने पाणी वर काढून तापमान घेत. इंजिनाजवळचे पाणी किंचित उष्ण, बादलीतील पाणी वर येताना किंचित थंड. समुद्र थंडावला नव्हता. पाणी काढण्याची रीत पालटली होती. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे : रीत नेहमी नोंदलेली नसली, तरी जहाज कोणत्या देशाचे हे नोंदलेले होते आणि त्या एका आडबाजूच्या नोंदीमुळेच ही उकल साध्य झाली.

दुसरा दाखला मंगळाकडे पाठविलेल्या अमेरिकन यानाचा. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते नष्ट झाले. यानाच्या लहान इंजिनांच्या आवेगाचे आकडे एका गटाने पौंड-सेकंदांत दिले आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन एककांत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. गणित अचूक होते, यंत्रे ठीक होती. अंकासोबत एककाचे नाव मात्र प्रवासास निघाले नव्हते.

(७) आजच्या संशोधनातील व्यवस्था

अशा अनुभवांतून निरनिराळ्या शास्त्रांनी आपापल्या पद्धती बसविल्या. खगोलशास्त्रात 'फिट्स' नावाची धारिकेची रचना १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तीस मान्यता दिली. तिचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक धारिकेच्या शिरोभागी दुर्बिणीचे नाव, निरीक्षणाची तारीख, आकाशातील दिशा, एकके इत्यादी गोष्टी मनुष्यास वाचता येतील अशा ओळींत लिहिलेल्या असतात आणि अंक त्यांच्यापासून विलग करता येत नाहीत. स्फटिकशास्त्रात 'सिफ' ही रचना १९९१ पासून हेच कार्य करते.

या शिस्तीचे फळ महाराष्ट्रातच पाहावयास मिळते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीचे स्थान, संकेताची वारंवारता, नेमकी वेळ आणि तुलनेसाठी पाहिलेला ज्ञात स्रोत यांची माहिती नसेल, तर तिच्यातून मिळणारे संकेत म्हणजे निव्वळ खरखर होय. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर आकाशाची पाहणी केली. पुढे अन्य संशोधकांनी संग्रहातील तीच निरीक्षणे घेऊन नव्या पद्धतीने त्यांचे पुनर्विश्लेषण केले आणि २०१७ मध्ये सुमारे ३६,९०० चौरस अंश आकाशातील सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. निरीक्षण एकाचे, उपयोग दुसऱ्याचा; आणि या दोहोंमधील विश्वासाचा दुवा म्हणजे अधिविदा.

(८) मर्यादा

तथापि अधिविदा म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. तिच्याविषयीही 'ही कोणी लिहिली, केव्हा लिहिली' असे विचारता येते व ही साखळी तत्त्वतः अनंत आहे. व्यवहारात ती कोठेतरी थांबवावी लागते, आणि कोठे थांबवावी हे त्या शास्त्राच्या परंपरेने व अभ्यासकाच्या विवेकानेच ठरते. दुसरे असे की, नोंदणारा त्यास महत्त्वाचे वाटेल तेवढेच नोंदतो. बादलीने पाणी काढणाऱ्या खलाशास बादलीचे महत्त्व ठाऊक नव्हते. म्हणून आज क्षुल्लक वाटणारी बाब लिहून ठेवण्याचा थोडा अतिरेक क्षम्य मानावा. गाळलेले मात्र पुढे कोणत्याही श्रमाने परत आणता येत नाही.

तिसरी मर्यादा मनुष्यस्वभावाची आहे. ज्याने नोंद केली, त्यास तिची गरज सर्वांत कमी असते. कारण एकक, वेळ, जागा हे सारे त्याच्या स्मरणात असते. गरज असते ती अपरिचितास, आणि वर्षे लोटल्यावर तो अपरिचित बहुधा स्वतः नोंद करणाराच असतो. या कारणाने प्रयोग संपल्यानंतर आठवून लिहिलेल्या टिपणापेक्षा प्रयोग चालू असताना वहीच्या कडेला लिहिलेली ओळ अधिक विश्वसनीय होय. उपकरण बिघडले, पर्जन्यमापक पालथा झाला, त्या दिवशी मोजणारा आला नाही, या कबुल्या संकोच वाटणाऱ्या असल्या, तरी पुढील अभ्यासकास त्यांचाच आधार अधिक असतो.

पदव्युत्तर अभ्यासकाने आपल्या प्रबंधातील प्रत्येक कोष्टकास म्हणूनच सहा प्रश्न विचारावेत : काय मोजले, कोणत्या एककात, कोणत्या साधनाने, कोठे, कोणत्या घड्याळाने व पंचांगाने, आणि रिक्त जागेचा अर्थ काय. यांची उत्तरे कोष्टकाच्याच पृष्ठावर असावीत. ती मार्गदर्शकाच्या स्मरणात किंवा सहकाऱ्याच्या पत्रात असून चालणार नाहीत.

जुन्या जालन्यातील त्या कागदावर '२७' या अंकापुढे 'सेंट' एवढा एक शब्द, तारखेपुढे 'फसली' हा दुसरा शब्द आणि मापक कोणत्या तीरावर होता हे सांगणारी एक ओळ असती, तर त्या दिवशीचा पाऊस आजही मोजता आला असता. त्या लेखनास अर्धा मिनिट पुरला असता.